मोटारीच्या इंधनाची गाळणी

गाळून घेणें ही मराठी घरांतील फार जुनी रीत आहे. पाणी गाळून प्यावें, दूध गाळून तापवावें, औषधाचें चूर्ण वस्त्रगाळ करावें, हे संस्कार घरोघरीं मुलांवर नकळत होत असतात. परंतु त्याच घरापुढें उभ्या असलेल्या मोटारीच्या टाकींत जें पेट्रोल किंवा डिझेल ओतलें जातें, तें कोणत्या गाळणींतून इंजिनापर्यंत पोंचतें याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. मोटार चालली म्हणजे श्रेय इंजिनास मिळतें आणि ती वाटेंत थांबली म्हणजे दोष नशिबास लागतो. या दोहोंच्या मध्यें एक लहानसें साधन मुकाट्यानें आपलें काम करीत असतें. तेंच इंधनाची गाळणी. कारखान्यांतून आणि दुकानांतून तिला ‘फिल्टर’ म्हणतात.

या गाळणीची कथा समजून घेण्यास जालना जिल्हा मोठा सोयीचा आहे. कारण धूळ, दुष्काळ, व्यापार आणि दळणवळण या चारही गोष्टी तेथें एकत्र आल्या आहेत. कुंडलिका नदीच्या कांठीं वसलेलें जालना हें मराठवाड्यांतील जुनें व्यापारी शहर. ‘जालना, सोन्याचा पाळणा’ अशी त्याची ख्याति लोकांच्या तोंडीं आहे. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन होईपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. त्यानंतर त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगर, जिल्ह्यांत राहिला आणि १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९०० सालाच्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी लहान रुळांची आगगाडी जालन्यावरून धांवूं लागली आणि कापूस व धान्य यांच्या व्यापारास नवा वेग आला. तथापि अंबड, भोकरदन, जाफराबाद हीं गांवें लोहमार्गापासून दूर होतीं. तेथून स्टेशनाकडे येणारी वाट काळ्या मातींतून जाई. उन्हाळ्यांत त्या वाटेवर धुरळा उठे, पावसाळ्यांत चिखल होई. बैलास त्याचें फारसें कांहीं वाटत नसे. मोटार आली तेव्हां मात्र ही माती प्रथमच एका नाजूक यंत्राची शत्रु झाली.

आरंभींच्या मोटारी पेट्रोलवर चालत. त्या काळीं पेट्रोल पत्र्याच्या बंद डब्यांतून येई. डब्याच्या आंत गंज चढलेला असे, झांकण उघडतांना भोंवतालची धूळ आंत पडे, आणि हवेंतील ओलाव्यामुळें थोडें पाणीही सांचलेलें असे. म्हणून टाकी भरणें हें एक शिस्तीचें काम होतें. टाकीच्या तोंडांत नरसाळें ठेवीत. नरसाळ्यांत पितळी तारेची बारीक जाळी असे. आणि जपून वागणारा चालक त्या जाळीवर शॅमॉय नांवाचें मऊ कातडें पसरी. हें कातडें आधीं पेट्रोलनें भिजविलें म्हणजे त्यांतून पेट्रोल सहज झिरपतें, परंतु पाणी थेंबाथेंबांनीं वरच राहतें. अशा रीतीनें मोटारीची पहिली गाळणी मोटारीच्या बाहेर, चालकाच्या हातांत होती.

१९३२ सालीं निजामाच्या सरकारी रेल्वेनें २७ बसगाड्या घेऊन रस्ता-वाहतुकीचें खातें उघडलें. सरकारी मालकीच्या बसवाहतुकीचा हिंदुस्थानांतील हा अगदीं आरंभींचा प्रयोग होय. पुढें या गाड्या मराठवाड्यांतही धांवूं लागल्या. खासगी मोटारीचा मालक गाडी बंद पडल्यास बाभळीच्या सावलींत थांबून नळ्या साफ करीत बसला तरी चालत असे. वेळापत्रकाप्रमाणें धांवणाऱ्या बसला ती मोकळीक नव्हती. आंत बसलेल्या उतारूंपैकीं कोणास आगगाडी गांठावयाची असे, कोणास कचेरींत तारखेस हजर राहावयाचें असे, कोणी आजारी माणसास दवाखान्यांत नेत असे. गाळणीचा प्रश्न यामुळें सार्वजनिक सोयीचा झाला.

पेट्रोलच्या इंजिनांत कार्ब्युरेटर नांवाचा एक भाग असे. त्यांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण होई. पेट्रोल ज्या छिद्रांतून बाहेर पडे तें सुमारें एक मिलिमीटर रुंदीचें, म्हणजे बाजरीच्या दाण्याहूनही बारीक असे. त्यांत गंजाचा एक कपटा किंवा फडक्याचा एक तंतु अडकला तरी इंजिन खोकूं लागे आणि चढणीवर थांबून जाई. हें टाळण्यासाठीं टाकी आणि कार्ब्युरेटर यांच्या मध्यें एक कांचेची वाटी बसविण्यांत आली. नळीतून वेगानें येणारें पेट्रोल या रुंद वाटींत आलें म्हणजे त्याचा वेग मंदावतो. वेग मंदावला कीं जड पाणी व माती तळाशीं बसते, आणि वरचें स्वच्छ पेट्रोल जाळींतून पुढें जातें. नदीचा प्रवाह डोहांत संथ होतो आणि गाळ खालीं बसतो, तोच हा न्याय. वाटी कांचेची असल्यामुळें तळाचा गाळ डोळ्यांना दिसे आणि ती केव्हां काढून पुसावयाची हें वेगळें सांगावें लागत नसे.

दुसऱ्या महायुद्धानें हा धडा अधिक कठोरपणें शिकविला. १९४१ पासून हिंदुस्थानांत पेट्रोल मापून मिळूं लागलें, आणि अनेक बसगाड्यांच्या व मालमोटारींच्या मागें लोखंडी भट्ट्या दिसूं लागल्या. या भट्टींत लोणारी कोळसा अपुऱ्या हवेंत जाळला म्हणजे जळणारा वायु निघतो, आणि त्यावर इंजिन चालतें. परंतु या वायूबरोबर राख आणि डांबरासारखा चिकट पदार्थही येतो. म्हणून वायु आधीं थंड करून, मग कापडाच्या किंवा काथ्याच्या थरांतून गाळून इंजिनांत सोडावा लागे. गाळणी रोजच्या रोज साफ केली नाहीं तर नळकांड्यांच्या भिंती घासून जात आणि झडपा चिकटून बसत. इंधन कोणतेंही असो, तें निर्मळ असल्यावांचून इंजिन टिकत नाहीं, ही गोष्ट त्या टंचाईच्या वर्षांत अनेक मालकांना पदरचें नुकसान सोसून कळली.

युद्ध संपलें, स्वातंत्र्य आलें, आणि रस्त्यांवर पेट्रोलच्या जोडीस डिझेल आलें. जर्मन यंत्रज्ञ रुडॉल्फ डीझेल यांनीं १८९७ सालीं यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनांत ठिणगी लागत नाहीं. तेथें हवा इतकी दाबली जाते कीं तिची उष्णता ५०० अंश सेंटिग्रेडच्याही वर जाते. त्या तप्त हवेंत तेलाचा फवारा मारतांच तें पेट घेतें. हा फवारा मारण्यास फार मोठ्या दाबाचा पंप लागतो. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानें १९२७ सालीं असे पंप मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास आरंभ केला, आणि मग हें इंजिन मालमोटारींत सोयीनें बसूं लागलें. आपल्याकडे १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. १९५१ सालीं बंगलोर येथें बॉशच्या सहकार्यानें मायको ही कंपनी स्थापन होऊन या पंपांची देशांत निपज सुरू झाली. १९५४ सालीं टाटांनीं जर्मनींतील डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें मालमोटारी बनविण्यास प्रारंभ केला. १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, तेव्हां तेथील बसवाहतूकही त्या राज्याच्या हातीं आली; आणि पुढील काळांत डिझेलची बस हें खेडोपाड्यांतील माणसाचें नित्याचें वाहन झालें.

डिझेलच्या पंपास पेट्रोलच्या काळची जाळी पुरेशी नव्हती. या पंपांत पोलादी दट्ट्या एका पोलादी नळींत खालीं-वर सरकतो. दोहोंमधील फट अवघी दोन ते चार मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केंसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाएवढी ती फट! तिला वंगणही निराळें नसतें. जें डिझेल वाहतें तेंच वंगणाचें काम करतें. अशा ठिकाणीं रस्त्यावरील धुळीचा डोळ्यांना न दिसणारा कण गेला तर तो कानशीसारखें काम करतो. पोलादावर बारीक ओरखडे पडतात, फट वाढते, दाब कमी होतो, फवाऱ्याची धार होते. मग तेल पुरतें जळत नाहीं. काळा धूर निघतो, तेलाचा खर्च वाढतो, आणि भरलेली गाडी चढण चढेनाशी होते.

म्हणून गाळणीही त्या मानानें सूक्ष्म करावी लागली. प्रथम नमद्याच्या, कापडाच्या व सुती दोऱ्याच्या गाळण्या निघाल्या. मागाहून राळेसारख्या पदार्थानें मजबूत केलेला कागद वापरांत आला. हा कागद पंख्याप्रमाणें घड्या घालून गोल उभा करतात आणि पत्र्याच्या डबींत बसवितात. घड्या घालण्याचें कारण सरळ आहे. लहानशा डबींत कागदाची मोठी पट्टी मावते, त्यामुळें तेलास वाट विपुल मिळते आणि कागद लवकर तुंबत नाहीं. डिझेल बाहेरून आंत येतें, कागदांतून झिरपतें आणि मधल्या पोकळींतून पंपाकडे जातें. कागदाचे तंतु जाळीप्रमाणें एका मापाचे विणलेले नसतात. ते एकमेकांवर वांकडेतिकडे पडलेले असतात. त्यामुळें मोठे कण पृष्ठभागावर अडकतात, आणि लहान कण त्या आडवळणाच्या वाटेंत कोठें तरी तंतूस चिकटून राहतात. अडकलेल्या मळाचा थर हीदेखील एक गाळणीच होते. यामुळें गाळणी जुनी होत जाते तशी ती अधिक बारीक गाळते, परंतु तेल कमी सोडते. मालमोटारींत पुष्कळदां अशा दोन गाळण्या एकापुढें एक असतात. पहिली मोठा मळ अडविते आणि दुसरी सूक्ष्म.

मळाइतकाच दुसरा शत्रु म्हणजे पाणी. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्रीं निवते आणि बाहेरची दमट हवा आंत ओढून घेते. त्या हवेंतील ओलावा टाकीच्या पत्र्यावर दंवाप्रमाणें जमतो. डिझेल पाण्यापेक्षां हलकें असल्यामुळें पाणी तळाशीं जातें. त्यामुळें पत्रा गंजतो, पंपाचें वंगण तुटतें. इतकेंच नव्हे, तर पाणी व तेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतु वाढून बुळबुळीत शेवाळासारखा थर तयार होतो आणि गाळणी तुंबवितो. म्हणून डिझेलच्या गाळणीखालीं पाणी सांचण्यास जागा ठेवलेली असते आणि तिला एक लहान तोटी असते. ती अधूनमधून उघडून पाणी सोडून देणें हें चालकाचें काम. पावसाळ्यांत रात्रीं टाकी भरून ठेवण्याची जुन्या चालकांची रीत होती, तिच्या मुळाशीं हेंच शास्त्र होतें.

जालना जिल्ह्यांत ही गोष्ट रस्त्यापुरती राहिली नाहीं. ती विहिरीपर्यंत गेली. विजेच्या तारा शिवारांत पोंचण्यापूर्वीं, आणि पोंचल्यावरही वीज नसेल तेव्हां, विहिरीवरील डिझेल इंजिनानेंच पाणी उपसलें जाई. या जिल्ह्याची मोसंबी प्रसिद्ध आहे. तिला भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. मोसंबीची बाग वर्षानुवर्षें जोपासावी लागते आणि एका उन्हाळ्यांत पाणी तुटलें तर वाळून जाते. शेतकरी डिझेल पिंपांतून किंवा डब्यांतून आणतो. पिंपाचें तोंड उघडें राहिलें, नरसाळें मातींत ठेवलें, तळचा गाळ ढवळला गेला, कीं तो मळ इंजिनाच्या गाळणीवर येऊन पडतो. १९७२ च्या दुष्काळांत आणि पुन्हां २०१२-१३ च्या दुष्काळांत या जिल्ह्यानें पाण्यासाठीं फार हाल सोसले. दुसऱ्या वेळीं मोसंबीच्या बागा जळून गेल्या आणि गांवोगांवीं टँकरनें पाणी पुरवावें लागलें. धुळीच्या रस्त्यानें दिवसांतून अनेक खेपा करणारा तो टँकर गाळणी तुंबल्यामुळें वाटेंत उभा राहिला तर एका गांवाचे हंडे त्या दिवशीं रिकामे राहतात. दुष्काळांत तेरावा महिना म्हणतात तो असा येतो.

गाळणी तुंबली कीं तिचीं लक्षणें ओळखण्यासारखीं असतात. सपाटीवर गाडी ठीक चालते, कारण तेल थोडें लागतें. चढणीवर किंवा मोठ्या ओझ्याखालीं ती दम टाकते. अशा वेळीं कांहीं जण कागदी गाळणी पेट्रोलनें धुऊन, वाऱ्याचा झोत मारून पुन्हां बसवितात. कोणी तर तिला भोंकही पाडतात. गाडी चालूं लागते आणि युक्ति साधली असें वाटतें. वास्तविक तुंबलेली गाळणी गाडी थांबविते, पण इंजिन वांचविते. फाटलेली गाळणी गाडी चालूं देते आणि आंतून इंजिनाचा घात करते. नवी गाळणी बसवितांना ती डब्यांतील न गाळलेल्या डिझेलनें भरणें हीही तशीच चूक आहे. कारण तें तेल कागदाच्या पलीकडे, थेट पंपाकडे जाऊं शकतें. गाळणी बदलल्यावर नळ्यांत शिरलेली हवा हातपंपानें बाहेर काढावी लागते. हवा राहिली तर दाब होत नाहीं आणि इंजिन सुरू होत नाहीं. हें सर्व काम थोड्या वेळाचें आणि थोड्या पैशांचें आहे. पंप व फवाऱ्याचे नॉझल दुरुस्त करण्याचा खर्च त्याच्या कित्येक पटींनीं असतो.

परंतु गाळणीलाही मर्यादा आहे. जें तेलापासून वेगळें राहतें तेंच ती अडवूं शकते. माती वेगळी राहते, गंज वेगळा राहतो, पाणी वेगळें राहतें. रॉकेल मात्र डिझेलमध्यें किंवा पेट्रोलमध्यें मिसळलें कीं एकजीव होतें. दुधांत घातलेलें पाणी जसें फडक्यानें निघत नाहीं, तसें हें रॉकेल कोणत्याही कागदानें निघत नाहीं. तें पातळ असल्यामुळें पंपाचें वंगण कमी होतें, धूर वाढतो आणि इंजिन अकालीं झिजतें. शिधापत्रिकेवरील रॉकेलास निळा रंग देण्याची पद्धत याच भेसळीस आळा घालण्यासाठीं पडली.

या भेसळीनें एका कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याचा बळी घेतला आहे. जालन्याहून पश्चिमेस जाणारा लोहमार्ग मनमाडला मुंबईच्या मुख्य मार्गास मिळतो. त्या मनमाडजवळ पानेवाडी येथें तेलकंपन्यांचीं मोठीं भांडारें आहेत. तेथें २५ जानेवारी २०११ रोजीं, प्रजासत्ताकदिनाच्या आदल्या दिवशीं, मालेगांवचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांच्या दृष्टीस तेलाची चोरी व भेसळ पडली. ते ती रोखण्यास गेले असतां त्यांना जिवंत जाळण्यांत आलें. कागदाची गाळणी जेथें हतबल होते तेथें माणसाची सचोटी हीच गाळणी असते, आणि तिचें मोल किती भारी असूं शकतें हें त्या दिवशीं महाराष्ट्रास कळलें.

अशा वेळीं ग्राहक अगदींच असहाय नसतो. पेट्रोलपंपावर गाळणकागद मागण्याचा त्याला अधिकार आहे. नळीचें तोंड पुसून पेट्रोलचा एक थेंब त्या कागदावर टाकावा. शुद्ध पेट्रोल थोड्याच वेळांत डाग न ठेवतां उडून जातें, डाग राहिला तर शंकेस जागा आहे. तेलाची घनता पाहण्याचा आणि पांच लिटरच्या मापानें माप तपासून घेण्याचा अधिकारही त्याला आहे. हे अधिकार वापरणारे ग्राहक थोडे असतात, आणि भेसळ करणाऱ्याचें त्या उदासीनतेवरच फावतें.

अलीकडे इंजिन अधिकच सूक्ष्म झालें आहे. नव्या डिझेल मोटारींत तेलाचा दाब हवेच्या नित्य दाबाच्या २००० पटींपर्यंत जातो आणि फवाऱ्याचीं छिद्रें पूर्वीपेक्षां फारच बारीक असतात. १ एप्रिल २०२० पासून देशांत ‘भारत स्टेज सहा’ हें मान लागू झालें आणि इंधनांतील गंधक दहा लाख भागांत १० भागांवर आलें. पेट्रोलांत उसापासून व धान्यापासून केलेलें इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण २०२५ सालीं सुमारें २० टक्क्यांपर्यंत पोंचलें. इथेनॉल पाणी ओढून घेतें, आणि पाणी फार झालें तर त्यासह तळाशीं वेगळें होतें. जुन्या टाकींत चिकटलेला मळही तें सोडवितें, आणि तो गाळणीवर येऊन बसतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर जालना जिल्ह्यांत ऊंस पिकतो. अशा उसाचा अंश आतां मोटारीच्या टाकींत उतरूं लागला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूर ते शिर्डी हा समृद्धि महामार्गाचा भाग खुला झाला. तो याच जिल्ह्यांतून जातो. जेथें पूर्वीं बैलगाडीचीं चाकें चिखलांत रुतत, तेथें आज मोटारी भरधांव जातात. त्या वेगांत इंजिन अचानक बंद पडणें हें गैरसोयीपुरतें राहत नाहीं. तें जिवावरचें संकट होतें.

नरसाळ्यावरील कातड्यापासून घडीच्या कागदापर्यंतच्या या प्रवासांत एक फरक ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. पूर्वीं गाळणी चालकाच्या हातांत होती, मग ती कांचेच्या वाटींत त्याच्या डोळ्यांपुढें होती. आतां ती बंद डबींत, दृष्टीआड आहे. दृष्टीआड झालेल्या वस्तूची आठवण ठेवावी लागते. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत गाळणी किती किलोमीटरांनंतर बदलावी हें लिहिलेलें असतें; धुळीच्या मुलखांत ती त्याहून लवकर बदलणें शहाणपणाचें. पाणी गाळून पिण्याची रीत ज्या घरांत आहे, त्या घरास ही दुसरी रीत जड वाटण्याचें कारण नाहीं.